वनमालाकाकूंचं हँडल

भांडुपच्या त्या गल्लीत वनमालाकाकूंना सगळे ओळखतात ते शिवणामुळे. ब्लाउज सैल झाला की काकू, पँट लांब झाली की काकू. नियम एकच: कापायचं नाही, आत दुमडायचं. "माणूस आज बारीक, उद्या जाड. उसवता आलं पाहिजे."

रविवारी सकाळी मात्र काकू ओढणी कमरेला खोचून, हेल्मेट चढवून टेकडीवर सायकल चालवतात. शेजारच्या श्रुतिकाने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचा आ वासलेलाच राहिला.

"मिट गं, माशी जाईल," काकू म्हणाल्या. तेव्हापासून दोघी बरोबर जातात.

सायकल मिहिरची, काकूंच्या मुलाची. जाड टायर, आणि त्याच्या खांद्यांना शोभेल असं लांबलचक हँडल. तो नोकरीसाठी कॅनडाला गेला. काकू तिला तेलपाणी करत राहिल्या. गणपतीत आला की चालवील. गणपती येत गेले.

वाटेत ऐनाची दोन झाडं अगदी जवळजवळ उभी आहेत. त्यांच्यापलीकडे लगेच उतार. श्रुतिका मधून सुळकन जाई. काकू सायकलवरून उतरत. आधी हँडलचं एक टोक, मग दुसरं, चाळीच्या दारातून कपाट न्यावं तसं. मग उताराला वेगच उरत नसे. आणि काकूंचा सगळा जीव त्या उतारात.

एका रविवारी त्या उतरल्याच नाहीत. धाडकन आवाज झाला. श्रुतिका धावत मागे आली. काकू पाचोळ्यात बसल्या होत्या, बोटांची सालटी निघालेली.

"काकू, हँडल कापून घ्या ना. दोन्हीकडून दोन-दोन बोटं."

"पाइप आत दुमडता येत नाही गं." काकूंनी बोटांवर फुंकर घातली. "कापलं की संपलं. तो येणार नाही, असं मीच म्हटल्यासारखं."



दोन रविवार काकू आल्याच नाहीत. मग एक दिवस म्हणाल्या, "चल, साकीनाक्याला." तिथल्या सायकलच्या वर्कशॉपच्या दारात उभं राहून त्यांनी मिहिरला फोन लावला. स्पीकरवर.

"तुझ्या सायकलचं हँडल रे..."

"ती अजून आहे? मला वाटलं, भंगारात दिलीस."

काकू फोनकडे बघत राहिल्या. श्रुतिकाला वाटलं, फोन हिसकावून घ्यावा.

"आई? कोण चालवतं ती?"

"मी."

"तू? कुठे?"

"डोंगरात. मग काय, कपडे वाळत घालू तिच्यावर?" काकूंनी फोन तोंडाजवळ धरला. "हँडल कापतेय. आलास की स्वतःची आण. बरोबर जाऊ."

पलीकडे मिहिर हसत सुटला. काकूंनी पर्समधून शिवणाचा खडू काढला आणि पाइपवर स्वतःच्या हाताने दोन खुणा केल्या. करवत चालली तेव्हा त्यांनी मान वळवली नाही.

रविवारी श्रुतिका उताराच्या तोंडाशी थांबून मागे बघत होती. ऐनांच्या फटीत हेल्मेट दिसलं. श्रुतिकाने नकळत स्वतःचीच कोपरं आत घेतली.

"बाजूला हो गंऽऽ!"

ती झाली बाजूला. काकू उतारावरून गेल्यासुद्धा.