आत्या, विहीणबाई आणि उत्तरेचा वारा

गप्प बसण्याची स्पर्धा ठेवली तर माझी आत्या नाव नोंदवायच्या रांगेतच बाद होईल. पुढे कोण, मागे कोण, कुणाच्या सुनेला काय झालं, हे सगळं तिला तिथेच विचारायचं असतं. पनवेलच्या एसटी स्टँडवर अलिबागला निघालेल्या बाईने आत्याशी बोलता बोलता आपली गाडी सोडून दिलेली मी स्वतः पाहिली आहे, आणि त्या बाईला त्याचं वाईटही वाटलेलं दिसलं नाही. अशा आत्याच्या एकुलत्या एका लेकीने, आमच्या प्रणालीने, शिकायला गेली तिथे नॉर्वेचा नवरा पसंत केला. त्याच्या आईला मराठी येत नव्हतं आणि आत्याला इंग्रजी.

जावई मासे नुसते उकडून खातो, हेसुद्धा आत्याने पचवलं. पण विहिणीशी बोलता येणार नाही, हे काही केल्या पचेना. तिच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे पाठवणीच्या वेळी मुलीची आई मुलीचा हात विहिणीच्या हातात देते आणि "आता ही तुमची, सांभाळा" असं स्वतःच्या तोंडाने सांगते. प्रणाली फोनवर म्हणाली, "आई, मी सांगेन ना त्यांना त्यांच्या भाषेत." आत्या म्हणाली, "तुजीच पाठवनी आन् तूच सांगनार, 'मना सांबाळा'? कसं दिसंल ते?" आणि साठी उलटलेल्या आमच्या आत्याने नॉर्वेची भाषा शिकायला घेतली.

आधी ती मला घेऊन कामोठ्याला गेली, कारण तिथे गल्लोगल्ली क्लासेस आहेत. एका ठिकाणी जर्मन शिकवत होते. "शेजारचंच हाय ना, चालंल," असं म्हणून ती पैसे काढायला लागली, तेव्हा त्या मास्तरांनीच हात जोडले. मग प्रणालीने मोबाइलवर एक ॲप घालून दिलं. ते तिला आठवडाभर 'मी सफरचंद खाते' एवढंच म्हणायला लावत होतं. "विहीनबाय दारात आल्यावं मी तिला सफरचंद खाते सांगू?" असं विचारून आत्याने ते बंद केलं. पुढे कुणीतरी सांगितलं, घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवा. झालं! फ्रीजवर, दारावर, माशांच्या पाटीवर, सगळीकडे मराठी अक्षरांत नॉर्वेचे शब्द लागले. 'नवरा' ही चिठ्ठी आतोबांच्या पाठीवर लागली, आणि ती तशीच घेऊन आतोबा पळस्प्याच्या पंपावर डिझेल भरून आले. माझा नवरा न्हावा शेवाच्या बंदरात कामाला, म्हणून त्यालाही हुकूम सुटला, "बोटीवरचा एक नॉर्वेवाला आन जेवाया." त्याने बिचाऱ्याने शोधून शोधून एक खलाशी आणला, तो फिलिपिन्सचा निघाला. पण जेवला मात्र पोटभर, आणि जाताना आत्याच्या पाया पडला.

शेवटी तिला गुरू सापडला तो हवामानाच्या बातम्यांत. तिकडच्या त्या बातम्या मोबाइलवर दिसत, आणि सांगणारी बाई सावकाश, स्वच्छ बोलायची. मागे नकाशा, त्यावर ढग, ऊन, वाऱ्याचे बाण. आत्या मिठागरवाल्यांची लेक. अवेळी पाऊस आला की तयार मीठ पाण्यात जायचं, त्यामुळे आभाळाकडे बघूनच ती लहानाची मोठी झाली होती. बाण दिसला की बाई काय म्हणत असेल ते तिला न सांगता कळे. रोज सकाळी भाकऱ्या थापताना ती त्या बाईच्या मागोमाग मोठ्याने बोलायची. शेजारणी समजायच्या, काहीतरी स्तोत्र चाललंय. लग्नापर्यंत आत्याला वारा, बर्फ, धुकं, लाटा हे सगळं फाडफाड येऊ लागलं. त्यापलीकडे, चिठ्ठ्यांवरचे शब्द सोडले तर, तिला काहीच येत नव्हतं. पाठवणीचं वाक्य तेवढं प्रणालीकडून लिहून घेऊन घोकलं होतं.

लग्न पनवेलच्याच एका हॉलमध्ये झालं. विहीणबाई उंचच्या उंच, आत्याने दिलेली साडी सावरत, घामाने निथळत, सगळ्यांकडे बघून हसत होत्या. पाठवणीची वेळ आली. आत्याने प्रणालीचा हात त्यांच्या हातात दिला, तोंड उघडलं, आणि घोकलेलं वाक्य गेलं. सपशेल गेलं. जन्मात पहिल्यांदा आत्या गप्प उभी होती. प्रणाली पुढे होऊन काही सांगणार, तोच आत्याने तिला हाताने थांबवलं आणि त्या बातम्यांतल्या बाईसारख्याच स्वच्छ आवाजात, त्यांच्या भाषेत सुरू केलं. वारा उत्तरेचा. किनाऱ्यावर जोर वाढेल. सकाळी थंडी. रात्री बर्फ. प्रणालीने मला मागाहून अर्थ सांगितला, पण तेव्हाही आत्याचा हात प्रणालीच्या कानाकडे गेलेला आम्ही पाहिला. वारा लागला की प्रणालीचा कान लहानपणापासून ठणकतो. आत्याने तो दाखवला आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

जावयाला हसू आवरत नव्हतं. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं, मग आपले दोन्ही तळवे प्रणालीच्या दोन्ही कानांवर धरले आणि आत्याला कळावं म्हणून सावकाश म्हणाल्या, "वारा उत्तरेचा. रात्री बर्फ. घरात ऊब." आत्याला त्यातला शब्द न् शब्द कळला. नॉर्वेच्या भाषेत तिला मिळालेलं ते पहिलं उत्तर.

आता प्रणाली तिकडे आहे. घरभरच्या चिठ्ठ्या वाळून गळून पडल्या, आत्या त्या पुन्हा लावत नाही. पण हवामान अजून रोज ऐकते. इथे अंगाची लाही होत असताना तिचा मला फोन येतो, "आज तिकडं उत्तरेचा हाय गो. कान बांदला असंल ना तिनी?"

मी म्हणते, "विहीणबाई आहेत ना."

"हां. ती हाय," आत्या म्हणते. मग मला तिकडच्या भाषेत उद्याचं हवामान सांगत बसते, फोन काही ठेवत नाही.