एकपायी फोटो

माणसाला पाय दोनच असतात, पण आमच्या घरात गेल्या हिवाळ्यात भांडण झालं ते एक पाय की तीन पाय यावरून.

माझ्या डभोईच्या आत्याला ऐंशी पूर्ण होणार होती. गोरव्याला आमच्या घराच्या गच्चीवर सगळं कुटुंब जमणार आणि फोटो मी काढणार, असं ठरलं. (मीच ठरवलं. कॅमेरा माझा होता.) त्यासाठी स्टँड घ्यायला मी आणि माझी बायको मंगल रावपुऱ्याच्या बाजारात गेलो.

"तीन पायांचा घ्या," मंगल म्हणाली. "ट्रायपॉड."

जी बाई मोबाइलमध्ये स्वतःच्या अंगठ्याचे फोटो काढते, ती मला शिकवणार?

"एका पायाचा मोनोपॉड हलका असतो. जाणकार लोक तोच वापरतात," मी म्हणालो.

"अहो, पण तो उभा कोण धरणार? तुम्हाला फोटोत यायचं नाही का?"

दुकानदार गालात हसला. "साहेब, बेननी वात साची छे."

मला विचारायचं सोडून हा बेनची बाजू घेतो? मी तिथल्या तिथे मोनोपॉड घेतला. खरं सांगायचं तर मला तोवर थोडी शंका यायला लागली होती, पण आता माघार घेणं शक्य नव्हतं.

वाढदिवसाला गच्चीवर मंडळी उंचीप्रमाणे उभी राहिली. मधोमध खुर्चीत आत्या. मी कॅमेऱ्यामागे, हातात एक पाय. तो सोडला की पडणार, हे मला आता सगळ्यांसमोर कळलं.

"भावोजी, मी धरतो," मेहुणा नितीन म्हणाला.

"मग तू फोटोत नसशील."

"नाहीतर तुम्हीच धरा. तुम्ही नसलात तरी चालेल."

चालेल? आत्याच्या सख्ख्या भाच्याशिवाय? माझं डोकंच फिरलं. मी मोनोपॉड उचलला आणि कोरफडीच्या मोठ्या कुंडीत खोल रोवला. हलवून पाहिला. ठाम. मंगलकडे एक नजर टाकली, टायमर लावला आणि धावलो.

कुंडीला मंगलने सकाळीच पाणी घातलं होतं. (बरोबर त्याच दिवशी.) मी अर्ध्या वाटेत असताना आत्या शांतपणे म्हणाली, "अरे, तो वाकतोय."

मी धावता धावताच मागे पाहिलं. मोनोपॉड पाहुण्यांना नमस्कार करावा तसा हळूहळू झुकत होता. तेवढ्यात पाय सतरंजीत अडकला आणि मी आत्यासमोर सपशेल पालथा पडलो. मागे खटकन आवाज झाला. फोटो निघाला होता.

सगळे धावले. माझ्याकडे नाही, कॅमेऱ्याकडे.

"वाचला, कोरफडीवर पडलाय," नितीन म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी अजून जमिनीवरच होतो.

गुडघा टमाट्यासारखा फुगला. जिना उतरवेना. तेव्हा मंगलने मोनोपॉडची माती पुसली, उंची माझ्या कमरेएवढी केली आणि माझ्या हातात दिला. "हलका आहे ना?" एवढंच ती म्हणाली. पुढचे कितीतरी दिवस मी भाजी आणायलासुद्धा तो टेकतच गेलो, आणि सोसायटीतला जो तो विचारायचा, "काका, काठी नवी लीधी?"

फोटो मी पुसून टाकणार होतो, पण नितीनने तो आधीच घरच्या ग्रुपवर पाठवला होता. फोटो थोडा तिरका आहे, पण त्यात प्रत्येक जण पोट धरून हसतोय. आत्या तर तोंडात दात नसल्याचंही विसरली आहे. एवढा जिवंत फोटो आमच्या घराण्यात कुणी काढला नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. खाली पुढे, निम्मी चौकट अडवून, माझी पाठमोरी बाजू आहे. चेहरा कुठेही नाही.

आत्याने तो मोठा करून डभोईच्या घरात दारासमोर लावलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला ती माझ्या त्या बाजूवर बोट ठेवून सांगते, "हा माझा भाचा. फोटो छान काढतो."