भट्टीवरचे आठ दिवस

दैवशाला बोलायला लागली की समोरच्याच्या चहावर साय धरायची. अंगणवाडीत मदतनीस म्हणून वीस वर्षं काढलेली, त्यामुळं आवाज एकदम चाळीस पोरांना पुरेल एवढा. आणि देवाची गंमत बघा, तिच्या पोटी करिश्मा आली, जिला अख्ख्या दिवसाला दहा शब्द पुरतात.

सोलापुरातले डॉक्टर म्हणले, पोरगी स्वमग्न आहे. म्हणजे बुद्धी हाय, जीवही लावती, पण गोंगाट सोसत न्हाय, डोळ्याला डोळा देत न्हाय, आणि एकदा ठरलं ते ठरलं. गावानं आपापल्या सोयीनं तिला चार नावं ठेवली. ज्या घरांतून ती नावं निघाली त्या घरांत दैवशाला पुन्हा पाणी प्यायली न्हाय. अशी बाई!

शाळा होती तवर बरं चाललं. मग दहावी झाली, करिश्मा अठराची झाली आणि दैवशालाच्या मागं एकच घोर लागला. आता पुढं काय? पोरगी दिवसभर उंबऱ्यावर बसून राहणार, आणि आपण गेल्यावर? या 'आपण गेल्यावर'पाशी आली की तिच्यासारखी बोलघेवडीसुद्धा गप व्हायची.

शाळेतल्या विशेष शिक्षिका अयोध्या मॅडम काही गप बसल्या न्हाईत. त्यांनी भूम गावातली कमलबाईंची खव्याची भट्टी गाठली. काम साधंच. अर्ध्या अर्ध्या किलोचा खवा पिशवीत भरायचा, तोंड बांधायचं, क्रेटमध्ये लावायचं. मॅडमनी पोरीला आधी बंद भट्टी दाखवली, मग दूध आटताना, मग माणसं असताना. भिंतीवर चित्रांचा तक्ता लावला. हात धुवायचे, टोपी घालायची, थकलं की मागच्या खोलीत जाऊन बसायचं. खाली लाल अक्षरांत लिहिलं, 'हात धुतल्याशिवाय खव्याला हात लावायचा नाही.' कानावर जाड हेडफोन दिले, गाणं-बिणं काही न्हाय, नुसते आवाज अडवायला.

"चला, माझ्या ओरडण्यावर पण इलाज झाला," कमलबाई म्हणल्या.

आठ दिवस बघू, जमलं तर कायम, असं ठरलं. मॅडमनी दैवशालाला वेगळं बजावलं, "तुम्ही आत पाऊल टाकायचं नाही."

"मी कशाला टाकू?"

"कारण तिचं सगळं तुम्हीच करता."

म्हणून दैवशाला भट्टीसमोरच्या रसवंतीत बसायची. उघडं शेड, तिथून सगळं दिसायचं. नुसतं बसायला लाज वाटती म्हणून रोज दोन गिलास रस. रसवंतीवाल्या श्रीमंतनं विचारलंच, "मावशी, साखरेचा आजार न्हाय ना तुम्हाला?"

"अजून न्हाय. तू लावशील."

दुसऱ्या दिवशी खवा ढवळायची मोटार अचानक सुरू झाली, तशी करिश्मा मागच्या खोलीत गेली ती तासभर आलीच न्हाय. इकडं दैवशाला उठली, बसली, पुन्हा उठली. करिश्मा आपली आपण बाहेर आली आणि राहिलेली पिशवी बांधायला लागली. तवापासून कमलबाई मोटार लावायच्या आधी हात वर करायला लागल्या.

सहाव्या दिवशी ज्ञानोबाआबा आले. कमलबाईंचे थोरले दीर. तळहातावर तंबाखू मळत यायचं आणि त्याच चुन्याच्या बोटांनी गरम खव्याची चिमूट तोंडात टाकायची, हा त्यांचा जुना रिवाज. कमलबाई अख्ख्या भूमवर ओरडतील, पण थोरल्या दिरापुढं डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. सून म्हणून आल्यापासून त्यांच्याशी सरळ बोलल्या न्हाईत. निरोप असलाच तर पोरांच्या नावानं, न्हायतर भिंतीला.

आबांचा हात कढईकडं गेला. करिश्मानं मधी ताट धरलं.

"हात धुवा."

आबा हसले. दुसऱ्या बाजूनं हात घातला. ताटही दुसऱ्या बाजूला गेलं.

"हात धुवा."

रसवंतीतला गिलास तिथंच राहिला आणि दैवशाला पळत आत. "आबा, माफी करा, तिला कळत न्हाय हो!"

करिश्मानं आईच्या पायाकडं बघितलं. "आई, टोपी न्हाय. बाहेर."

कामाच्या बाया तोंडात पदर कोंबून हसायला लागल्या. आबांचा चेहरा मात्र लाल. "ही पोरगी उद्यापासून हितं दिसायला नको!"

झालं. सहा दिवस निघाले आणि दोन राहिले होते की ओ! दैवशाला कमलबाईंकडं बघायला लागली. कमलबाई दुधाकडं. मग त्यांनी पदर पुढं ओढला आणि एरवीपेक्षा बारीक आवाजात म्हणल्या, "करिश्मा, आबांना म्हणावं, नळ मागल्या अंगाला हाय."

करिश्मानं जसंच्या तसं पोचवलं. "आबा, नळ मागल्या अंगाला हाय."

आता कुणाशी भांडायचं? भावजय तर बोललीच न्हाय, आणि पोरगी ताट घेऊन उभी. आबा पुटपुटत मागं गेले, ओले हात झटकत आले.

"साबण," करिश्मा म्हणली.

आबा परत गेले. ह्या खेपेला दोन्ही हात उलटेपालटे करून दाखवले. करिश्मानं ताट बाजूला केलं. आबांनी चिमूट खाल्ली, जरा वेळ चघळली आणि भिंतीकडं बघून म्हणले, "आज खव्याला चव हाय. तंबाखू लागत न्हाय."

ते गेल्यावर कमलबाईंनी पदर मागं टाकला आणि नेहमीच्या आवाजात सुरू झाल्या, "दैवशालाबाई, दोन दिवस कशाला बघायचे? हिची एक पिशवी गळती न्हाय. उद्यापासून कायम. फक्त तुम्ही येऊ नका, लई गडबड करता."

दैवशालाला रडू पण फुटलं आणि हसू पण. तिनं उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "करिश्मा, येशील का गं रोज?"

"येणार," पिशवीची गाठ मारत करिश्मा म्हणली. "तू घरी जा."

संध्याकाळी मॅडम पोरीला घरी सोडणार होत्या, म्हणून दैवशाला एकटीच एसटीत बसली. शेजारची बाई बोलायला आसुसलेली, पण हिनं खिडकीला डोकं टेकलं ते टेकलंच. गाव गेलं, फाटा गेला.

"ओ मावशी," कंडक्टरनं हलवलं, "तुमचा फाटा मागंच राहिला. ईट गाव आलं."

"येऊ दे की," दैवशाला म्हणली आणि पुन्हा डोळे मिटले.