होय महाराजा, आपला अजून थांबलेला नाही

आमच्या टेनिस कोर्टावर पावसाळ्यात इतकं गवत माजायचं की तिथे एखादी म्हैस बांधली असती तर तिने आम्हाला जन्मभर आशीर्वाद दिले असते. दसरा जवळ आला की आम्ही विळे घेऊन वाकायचो. गवत काढायचं, जांभ्या दगडाची लाल भुकटी पसरायची, वर दगडी रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या. एवढं करून कंबर सरळ होईपर्यंत दसरा उजाडलेला असायचा. मग नेटच्या खांबाशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, ते झालं की हंगाम सुरू.

गाऱ्हाणं घालायचं काम माझ्याकडे होतं. खेळाडू म्हणून मला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. माझी सर्व्हिस नेटपर्यंत पोचली तरी लोक टाळ्या वाजवत. पण आवाज होता, आणि तो कुठे चढवायचा आणि कुठे कापरा करायचा हे मला उपजत कळायचं. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो, गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने केलेली मागणी. एकजण मागत जातो आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी एकसुरात ‘होय महाराजा’ म्हणायचं. लहानपणापासून ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की मागणी काय आहे ते कान ऐकतच नाहीत. आवाज थांबला की तोंड आपलं परस्पर होकार देऊन मोकळं. पुढचं सगळं रामायण ह्या एका खोडीतून घडलं.

ज्याचं रामायण झालं तो माझा थोरला मावसभाऊ. सगळी आळी त्याला भाऊच म्हणे. शाळेत शास्त्र शिकवायचा, आणि पालीच्या बाजूला उतारावर त्याने स्वतः लावलेली हापूसची बाग होती. टेनिस त्याच्या अंगात मुरलेलं. पन्नाशीला टेकला होता तरी संध्याकाळी पांढरी चड्डी चढवून कोर्टावर हजर. आमच्यात खरोखर खेळता येणारा तो एकच.

मॅचेस आम्ही बघायचो राजिवड्याला, नाखवांच्या घरी. नाखवांची सगळी उमर आखाताच्या बोटींवर गेली होती. परत येताना त्यांनी एवढा मोठा टीव्ही आणला की घरात घेताना दाराची चौकट काढावी लागली. नंतर चौकट बसली, पण दार काही पुन्हा नीट लागलं नाही. त्यामुळे ते घर आमच्यासाठी कायम उघडंच होतं.

त्या टीव्हीवर आमचा एक देव होता. अमेरिकन, लांब हातांचा, मान जरा खाली घालून चालणारा. त्याला आम्ही नुसतं ‘आपला’ म्हणायचो. आज आपल्याचा सामना आहे, काल आपला हरला. त्या बिचाऱ्याला रत्नागिरी नावाचं गाव आहे हेही ठाऊक नसणार.

टेनिसवाल्यांचं वर्ष आमच्या वर्षाशी बरोबर जुळायचं. जानेवारीत ऑस्ट्रेलियाची स्पर्धा, तेव्हा बागांत मोहोर. पॅरिसला लाल मातीवर खेळ सुरू व्हायचा तेव्हा आमच्या पेट्या संपत आलेल्या आणि हातांवर आंब्याच्या चिकाचे डाग. लंडनचं गवत जूनअखेर, म्हणजे इकडे धो धो पाऊस आणि वीज नेमकी शेवटच्या सेटला जाणार. न्यूयॉर्क गणपतीच्या आगेमागे. न्यूयॉर्कचे सामने आपल्याकडे अपरात्री असत. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा दाखवत तेव्हा बघायचो. तोवर कोणी पेपर उघडायचा नाही असा कडक नियम होता, आणि तो मोडणाऱ्याच्या चहात नाखवा साखर घालत नसत.

भाऊ खेळाडूंना कलमांसारखं जोखायचा. हापूस एका वर्षी लगडला की पुढच्या वर्षी हात आखडता घेतो, तसंच माणसाचं, हा त्याचा सिद्धांत. कोणी ऑस्ट्रेलियात जिंकून पॅरिसला पहिल्याच फेरीत गळाला की भाऊ म्हणायचा, मोहोर खूप होता पण फळ धरलं नाही. डोक्याचा गोटा केलेला एक दुसरा अमेरिकन होता, तो वय वाढेल तसा गोड होत चालला होता. त्याला भाऊ मुरांबा म्हणे. उलटी टोपी घालून पळणाऱ्या पोरांना तो रायवळ म्हणून मोडीत काढायचा. आपल्याचं दुखणं एकच. लंडनच्या गवतावर तो राजा, पण पॅरिसच्या लाल मातीत त्याला काही म्हणता काही पिकत नव्हतं. आम्ही स्वतः लाल मातीतले, त्यामुळे आम्हाला उगाच अपराधी वाटायचं.

तर आपला लंडनला पुन्हा जिंकला, त्या सालचा दसरा. भाऊचे गुडघे तेव्हा बोलायला लागले होते. तो खाली वाकला की अडकित्त्यात सुपारी फुटल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की गुडघ्यातली गादी झिजली आहे. खेळ आवरला नाही तर पुढे बागेतली उतरण विसरावी लागेल. वहिनीने ते ऐकलं होतं. भाऊनेही ऐकलं होतं, पण शास्त्राच्या मास्तराने दुसऱ्याचं शास्त्र ऐकावं तसं.

मी गाऱ्हाणं सुरू केलं. कोर्टाला भेगा पडू नयेत. होय महाराजा. चेंडू शेजारच्या विहिरीत जाऊ नयेत. होय महाराजा. आपल्याला यंदा तरी पॅरिस मिळावं. होय महाराजा. इथे मी परिणामासाठी एक मोठा श्वास घेतला. नाटकातल्या माणसाने असा श्वास घेऊ नये, त्यात दुसरा प्रवेश करतो. खोबऱ्याचं ताट घेऊन उभ्या असलेल्या वहिनीने माझ्याच चालीत, माझ्याच सुरात मधेच घातलं, “आणि ज्या दिवशी तो अमेरिकेतला खेळ थांबवील, त्या दिवशी ह्यांनीही थांबवावा, बा महाराजा.”

“होय महाराजा,” सगळे गरजले. नाखवाही गरजले. सगळ्यांत मोठा आवाज भाऊचा होता.

मग भाऊने वहिनीकडे पाहिलं. ती खोबऱ्याचे तुकडे करत होती.

भाऊ हार मानणारा नव्हता. संध्याकाळपर्यंत त्याने त्या वाक्याची दुसरी बाजू शोधून काढली. तो थांबला की मी थांबायचं, म्हणजे तो खेळतोय तोवर मी खेळायचं, देवासमोर ठरलंय, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. वहिनीने कपाळाला हात लावला.

त्यानंतर आपल्याला काय झालं कोण जाणे. हंगाम आला, गेला, हाताला काही लागलं नाही. लंडनच्या गवतावरसुद्धा नवीन पोरं त्याला हरवायला लागली. पेपरातल्या क्रमवारीत त्याचं नाव शोधायला आता बोट खाली खाली न्यावं लागे. प्रत्येक स्पर्धेनंतर वहिनी चहाचा कप पुढे करून एवढंच विचारायची, “थांबला का?” भाऊ म्हणायचा, “नाही.” ती म्हणायची, “बरं.” त्या ‘बरं’मध्ये किती काय होतं ते लग्न झालेल्यांनाच कळेल.

आपला हरून बाकावर बसायचा, डोक्यावर टॉवेल घ्यायचा, तेव्हा टीव्हीसमोर भाऊ नकळत स्वतःचा गुडघा चोळायचा. मला ते दिसायचं.  

आणि एका वर्षी, गणपती अगदी तोंडावर आलेले, घराघरांत रंग आणि पताका चाललेल्या, आपला न्यूयॉर्कला जिंकला. अंतिम सामन्यात समोर मुरांबाच होता. दुपारी तो सामना बघताना नाखवांच्या ओटीवर आमच्या हातांना मखराची खळ लागलेली, आणि कोणी काही खात नव्हतं. शेवटचा गुण झाल्यावर भाऊ उठून उभा राहिला आणि गुडघ्यामुळे परत बसला.

वहिनी म्हणाली, आता तरी थांबेल. भाऊ म्हणाला, आता कसा थांबेल, आत्ता तर झाडाने धरलंय.

पण आपला त्यानंतर कुठे दिसलाच नाही. जानेवारीत ऑस्ट्रेलियाला आला नाही. भाऊ म्हणाला, विश्रांतीचं साल. पॅरिसला आला नाही. आम्ही म्हटलं, बरंच केलं. थांबलो असं मात्र तो म्हणेना. ना बातमी, ना घोषणा. आमच्याकडे दोन पक्ष पडले. वहिनीचं म्हणणं, जो खेळत नाही तो थांबला. नाखवांनी मान हलवली. “बोट गोदीत उभी हाय म्हणून भंगारात गेली असं नाय होत, वहिनी. भंगारात जाताना कागद होतो.”

“गोदीतल्या बोटीला गंज चढतो, नाखवा,” वहिनी म्हणाली. नाखवांनी दोनदा दाढी कुरवाळली.

निकाल भाऊच्या बाजूने लागला, म्हणजे तो खेळत राहिला. त्या वर्षी त्याचा खेळ बघवत नव्हता. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून यायचा. चेंडू दोन पावलांपलीकडे पडला की सोडून द्यायचा आणि बाहेर गेला असं म्हणायचा. आम्हीही बाहेर गेला म्हणायचो. मी तर समोरच्या बाजूने त्याच्या हातातच चेंडू द्यायला शिकलो. माझा खेळ त्या वर्षी कधी नव्हे तो नेमका झाला. बागेत त्याने गड्यांना वरूनच हाका मारायला सुरुवात केली होती. उतरण्याचं नाव नाही. खालच्या कलमांना यंदा फळ किती, हे त्याला गड्यांना विचारावं लागे.

मे महिना संपत आला, कोर्टावरची शेवटची संध्याकाळ. नेट काढून आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. भाऊ पट्टे सोडत होता.

“तो थांबला असता ना, तर सुटलो असतो रे,” तो म्हणाला.

मी म्हटलं, मग थांब की. देव काय कोर्टात खेचणार आहे तुला?

“देवाचं नाय. मी आधी थांबलो तर तिला वाटेल, दुखतं म्हणून थांबलो.”

“दुखत नाही?”

“दुखतं तर. पण तिला ते ठाऊक नाय.”

आमच्या आळीतली मांजरंसुद्धा त्याच्या गुडघ्यांचा आवाज ऐकून वाट सोडायची.  त्याने पट्टा गुंडाळून खिशात घातला, बाकाचा आधार घेऊन उठला, आणि आम्ही घराकडच्या घाटीची चढण चढायला लागलो. अर्ध्यावर तो थांबला आणि खाली खाडीकडे बोट दाखवून बोटी मोजल्यासारखं करू लागला. मीही मोजल्यासारखं केलं. त्याचा श्वास परत येईपर्यंत आम्ही दोघं त्या बोटी बघत होतो.

पुन्हा गणपती जवळ आले तेव्हा ते घडलं. नाखवांनी निरोप धाडला, टीव्हीवर बघायला या. आपला न्यूयॉर्कच्या त्या मोठ्या कोर्टावर उभा होता, पण साध्या कपड्यांत. कडेवर लहान मूल होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि तो डोळे पुसत होता. नाखवांनी हळूच म्हटलं, कागद झाला.

 मग भाऊ म्हणाला, “हा गेल्या सालीच थांबला होता. नुसतं सांगायचं राहिलं होतं.” मी निघून आल्यावर तो वहिनीला काय म्हणाला ते मला माहीत नाही. बहुधा काहीच नाही. तिनेही ‘थांबला का?’ असं विचारलं नाही, हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी त्यांच्याच पडवीत बसून तेवढ्यासाठी दोन कप चहा प्यालो होतो.

दसऱ्याला भाऊ कोर्टावर आला तो चपला घालून. बूट नाहीत, पट्टे नाहीत. रूळ आम्ही ओढला, चुन्याची दोरी त्याने खुर्चीत बसून धरली. मी गाऱ्हाणं घातलं. भेगांचं झालं, विहिरीचं झालं. मग मी म्हटलं, आमचा भाऊ इतकी वर्षं तुझ्या ह्या लाल मातीत खेळला, बोललं ते त्याने पाळलं, आता त्याला मोकळा कर, बा महाराजा. होय महाराजा. ह्या वेळी मी श्वास मुद्दाम घेतला, चांगला लांबलचक घेतला, आणि वहिनीच्या हातातल्या ताटाकडे बघितलं.

 वहिनी माझा सूर न लावता, साध्या आवाजात म्हणाली, “आणि ह्यांना दुखलं तर ह्यांनी दुखतंय म्हणावं, महाराजा.”

आम्ही एकदा पोळलेले लोक. कोणी तोंड उघडलं नाही. नाखवा चेंडूंच्या डब्याकडे बघत होते, मी आभाळाकडे. भाऊने चुन्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

“होय महाराजा,” तो एकटाच म्हणाला. मग खुर्चीतून उठायला त्याने हात पुढे केला, आणि वहिनीने ताट माझ्या हातात दिलं.