उलटं झाकण

चेंगदू शहरातल्या नदीकाठच्या चहाघरात खौ उस्ताद एकतीस वर्षं लांब चोचीची तांब्याची किटली घेऊन फिरला. हातभर उंचीवरून धार सोडायचा, पण थेंब बाहेर पडत नसे. लोक त्याचं कौतुक करत. त्याला स्वतःला अभिमान होता तो वेगळ्याच गोष्टीचा. गिऱ्हाइकाने वाटीवरचं झाकण उलटं करून त्यावर काहीबाही ठेवलं, की त्याचा अर्थ ‘आलोच, उचलू नका’. तशी वाटी उस्तादाने कधीच उचलली नव्हती. एक गवंडी तर तिसऱ्या दिवशी परतला होता, आणि त्याची वाटी जागेवर होती.

भिंतीवर चुन्याने गोलात ‘पाडा’ असं रंगवून आता महिना झाला होता. आसपासच्या काही गल्ल्या तर पाडूनही झाल्या होत्या. आज शेवटचा दिवस. पाचला टेम्पो येणार, वाट्या नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर जाणार. तिथे प्रत्येक टेबलावर थर्मास. उस्तादाचं तिथे काम नव्हतं.

दुपारी एक परदेशी बाई आली. उन्हाने लाल झालेली, हातात घड्यांवर फाटलेला नकाशा. तिला इथलं एकच वाक्य येत होतं, “हे काय?” किटलीकडे बोट, हे काय. कान कोरणाऱ्या फुंगच्या चिमट्याकडे बोट, हे काय. फुंगने तिचा एक कान कोरूनच दाखवला. मग तिने भिंतीवरच्या ‘पाडा’कडे बोट केलं, तेव्हा मात्र फुंग चिमटे पुसू लागला. उस्तादाने तिच्या वाटीतल्या चहापत्तीवर पुन्हा उकळतं पाणी ओतलं.

थोड्या वेळाने ती नकाशा घेऊन गल्लीत शिरली. मागे वाटीवर झाकण उलटं, आणि त्यात सूर्यफुलाच्या बियांची टरफलं.

टेम्पो आला. टेबलं गेली, खुर्च्या गेल्या. एक टेबल उरलं.

“उस्ताद, ती वाटी द्या,” मालकीण तेंगबाई म्हणाली.

“त्या येणार आहेत.”

“अहो, त्यांना आपल्या खुणा काय ठाऊक? टरफलांना बशी केली त्यांनी.”

“असेल. पण झाकण उलटं आहे.”

“म्हाताऱ्या, ती एव्हाना विमानात असेल,” फुंग म्हणाला.

“तू एकच कान कोरलायस तिचा. दुसऱ्यासाठी तरी येईल.”

तेंगबाईला हसू आवरलं नाही. तिने ड्रायव्हरला एक सिगारेट दिली. ती संपली, तेव्हा दुसरी दिली. उस्ताद टेबलाजवळ उभाच होता. शेगडीतले निखारे त्याने विझू दिले नव्हते.

दुसरी सिगारेट संपत आली आणि बाई आली. बूट धुळीने पांढरे, चेहरा रडवेला. वाट चुकून फिरत फिरत ओळखीच्या एकाच जागी परतली होती. तिने नकाशा पुढे करून एका गल्लीवर बोट ठेवलं.

“हे काय?”

उस्तादाने नकाशा डोळ्यांजवळ नेला. “हे होतं,” तो म्हणाला.

तिला कळलं नाही. पण रिकाम्या चहाघरात आपली वाटी तशीच पाहून ती थबकली, मग हळूच बसली. उस्तादाने टरफलं झटकली, दोन पावलं मागे सरला आणि धार सोडली. टेबल कोरडं राहिलं. फुंगने न विचारताच तिचा दुसरा कान हातात घेतला.

मग तेंगबाईने तिला हॉटेलची वाट कागदावर काढून दिली. ती गेली, तेव्हा झाकण नुसतंच बाजूला पडलं होतं. उस्तादाने वाटी धुतली, पुसली आणि तेंगबाईच्या हातात दिली.

“आता न्या.”