शेवटचा ठोका

म्हशीचं शिंग कानशीनं घासताना जळक्या केसांसारखा वास सुटतो... तो वास आला, की आजही मला तो एक ठोका ऐकू येतो.

मांडवीत आमचं घर समुद्राला इतकं लागून होतं, की आठवडाभर तेल लागलं नाही तर पोलादावर तांबूस पूड धरायची. बाबा जुने वस्तरे दुरुस्त करत — राखेनं आणि खोबरेलानं गंज उतरवून, पात्याला ओल्या दगडावर धार लावून, महिनाभर तेलात मुरवलेल्या शिंगाच्या दोन पट्ट्यांत ते बसवून, टोकाशी पितळी खिळा ठोकत. "नाद बद्द झाला की हात थांबवायचा," ते म्हणत, "पुढचा ठोका शिंगाला लागतो."

मिरकरवाड्यातल्या तांडेलकाकांचा वस्तरा त्यांच्या वडिलांपासूनचा. नारळी पौर्णिमेला त्यानंच दाढी करून ते समुद्राला नारळ देत, मगच होडी लोटत. त्या वर्षी बाबांनी त्याला नवी मूठ केली आणि ते जेवायला उठले. मी दहा वर्षांचा होतो. मला खिळा किंचित सैल वाटला. मी हातोडी उचलली, एकच ठोका मारला... नाद बद्दच आला. शिंगावर केसाएवढी रेघ उमटली. मी तिच्यात मेण चोळलं, फडक्यानं पुसलं, आणि वस्तरा होता तिथे ठेवला.

पौर्णिमेच्या सकाळी मूठ तांडेलकाकांच्या हातात उकलली, पातं बोटात शिरलं. चिंधी बांधलेल्या हातानंच त्यांनी नारळ दिला आणि होडी गेली. पुढचे चार दिवस शाळेतून येताना मी जेटीवर थांबायचो. खाऱ्या वाऱ्यानं डोळे चुरचुरेपर्यंत क्षितिजावरचा प्रत्येक ठिपका न्याहाळायचो. काही झालं असतं, तर ते माझ्यामुळे झालं असतं — आणि हे फक्त मलाच ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी तांडेलकाका हसत दारात उभे. "अण्णा, दाढी ऱ्हायली बाजूला, बोट तेवढं भादरलान ह्या वस्तऱ्यानं."

बाबा हसले नाहीत. फुटकी मूठ खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिले. "शिंगच कच्चं होतं. नजर चुकली माझी." मी हातभर अंतरावर उभा होतो.

त्या संध्याकाळी त्यांनी तेलात मुरत घातलेली सगळी शिंगं माडाच्या बुडाशी पुरली. धार लावत राहिले, पण मूठ पुन्हा केली नाही. तांडेलकाकांनी "सावकाशीनं करा" म्हणून ठेवलेलं ते पातं तेलकट फडक्यात तसंच राहिलं, काकाही गेले.

गेल्या महिन्यात मी ते पातं बाहेर काढलं, गंज उतरवला, नव्या शिंगाची मूठ घडवली. शेवटच्या खिळ्याच्या वेळी बाबांजवळ बसलो. त्यांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. चाळीस वर्षं जे कुजबुजूनही बोललो नव्हतो, ते मला त्यांच्या कानाशी दोनदा ओरडून सांगावं लागलं... शेजारच्या अंगणातलं झाडणं थांबलं.

बाबा म्हणाले, "म्हणजे शिंग पक्कं होतं."

एवढंच. मग मांडीवरचे आपले तळवे उलटे-सुलटे करून बघत बसले.

शेवटी त्यांनी बोटाचं टोक शिंगावर टेकवलं. "ठोक."

एक... दोन... तिसऱ्या ठोक्यानंतर त्यांनी बोट उचललं. "बास."

वस्तरा न्यायला मिरकरवाड्यातून आता कुणी येणार नाही. तरी रोज सकाळी मी ती मूठ खिडकीच्या उजेडात धरून पाहतो — रेघ नाही ना.