जास्तीची एक

सायमन फादर दर रविवारी बायकोला स्कूटरवर बसवून गावाबाहेरच्या मोठ्या चर्चच्या फाटकाशी सोडायचे आणि स्वतः मागे फिरून दारव्ह्याच्या बसस्टँडमागच्या टिनाच्या खोलीत मिस्सा, म्हणजे प्रसादाची प्रार्थना, करायला जायचे. नवरा पाद्री आणि बायको भलत्याच पाद्र्याच्या मिस्साला, हा विषय आमच्या गल्लीनं बरीच वर्षं चघळला. चघळणाऱ्यांत मीही होतो. तहसीलमधून निवृत्त झालेल्या शेजाऱ्याला दुसरा उद्योग काय?

फादर आधी त्या मोठ्या चर्चमध्येच प्रचारक होते. पाद्री व्हायची भारी ओढ. पण संसार मांडलेला, आणि ते चर्च रोमच्या पोपचं, तिथं संसारी माणसाला ते दार बंद. मग पोपची सत्ता न मानणाऱ्या एका लहानशा स्वतंत्र कॅथलिक चर्चचे बिशप आले आणि यांच्या डोक्यावर हात ठेवून यांना पाद्री करून गेले. मोठ्या चर्चनं संबंध तोडले. "मिस्सा तीच, येशू तोच," फादर म्हणायचे, "फक्त रोमले इचारलं नाई मी." त्यांच्यामागे सहा माणसं आली. बायको, मार्थाबाई, आल्या नाहीत. "नवरा म्हणून याच्या मांगं कुठंई जाईन," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "पाद्री म्हणून नाई. माह्या मनाले पटत नाई."

पण त्या टिनाच्या खोलीतल्या प्रसादाची भाकर करायच्या मार्थाबाईच. शनिवारी दुपारी बिनमिठाच्या कणकेची कागदासारखी पातळ पोळी तव्यावर कोरडी भाजायची आणि बाटलीच्या झाकणानं तिच्या चकत्या पाडायच्या. "किती पाडू?" त्या विचारायच्या. माणसं सहा, फादर सातवे. "आठ," फादर सांगायचे. त्या मुकाट्यानं आठ पाडायच्या. रविवारी आठवी ताटलीत उरायची आणि मिस्सा संपताना फादर ती स्वतःच खायचे.

"दर वेळी एक जास्त कशाला?" मी एकदा छेडलं.

"मार्था आली तं? तिले पुरली नाई असं नको व्हायले, साहेब."

मी हसलो होतो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात मार्थाबाईंच्या किडन्या गेल्या. यवतमाळच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एका दुपारी त्यांना धाप लागली. मरणाऱ्याला पवित्र तेल लावून प्रसाद द्यायची त्यांच्यात रीत आहे. तो मार्थाबाईंना मोठ्या चर्चच्या पाद्र्याच्या हातून हवा होता. ते पाद्री पुसदला गेलेले. फोनवर निघालो म्हणाले, पण पुसद काही जवळ नाही. इकडे सायमन फादरांच्या खिशात तेलाची कुपीही होती आणि प्रसादाची डबीही. मार्थाबाईंना डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं.

मी फादरांना दाराशी ओढलं. "काही न बोलता देऊन टाका. त्यांना काय समजते आता, कोणाचा हात आहे ते? समाधानानं जातील तरी."

फादरांनी माझा हात बाजूला सारला. ते खाटेपाशी जाऊन वाकले. "मार्था, मी हाय, सायमन. ते फादर पुसदहून येऊन राह्यले. तवर मी देऊ काय?"

मार्थाबाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि मानेनं नाही म्हणाल्या. तासाभरात त्या गेल्या. पाद्र्यांची मोटरसायकल आली ती नंतर.

मला फादरांचा रागच आला. इतका खरेपणा करून काय मिळालं? तिलाही समाधान नाही, यालाही नाही. मोठ्या चर्चच्या कब्रस्तानात फादर साधा शर्ट घालून माझ्या शेजारी, सगळ्यांच्या मागे उभे होते. नवरा म्हणून बोलावलं तेव्हा पुढे जाऊन मूठभर माती टाकली आणि परत मागे येऊन उभे राहिले.

त्या शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. ते स्वतः तव्यापाशी बसले होते. पोळी जाडी झाली होती, कडेला करपली होती. बाटलीच्या त्याच झाकणानं त्यांनी एकेक चकती पाडून ताटलीत ठेवली आणि उरलेली पोळी बाजूला सारली. मी मोजल्या. सात.

"आठवी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

फादरांनी झाकण पुसून ताटलीशेजारी ठेवलं.

"जित्ती होती, तिले नाई म्हणता येत होतं, तवर ठेवली, साहेब. आता ठेवली तं तिच्यावर जबरदस्ती होईन."